गाळा नंतर, आधी सहा रविवार

वाचकाचं पत्र (ओळख कळेल असे तपशील वगळून, थोडक्यात): मी ३९ वर्षांची, जळगावला राहते. माहेर यावल तालुक्यातलं. एका खासगी रुग्णालयात बिलिंगला आहे. नोकरीला नऊ वर्षं चार महिने झाले, हातात १९ हजार येतात. मिस्टरांना २४ हजार. घराचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ३२ हजारांच्या आसपास. मुलगी अकरावीला, मुलगा सातवीला, सासूबाई आमच्यासोबत असतात. घर स्वतःचं, मागे थोडी मोकळी जागा. भरीत-पुरीचं स्वतःचं केंद्र काढायचं हे माझं फार वर्षांचं स्वप्न. नात्यातल्या प्रत्येक भरीत पार्टीला वांगी भाजण्यापासून फोडणीपर्यंत मलाच पुढे करतात. दर हिवाळ्यात ठरवते आणि दर हिवाळ्यात काहीतरी आडवं येतं. आता २ लाख ४० हजार साठलेत. एक गाळा बघितलाय. एक लाख डिपॉझिट, महिना दहा हजार भाडं. सासूबाई म्हणतात, "घरची सून गल्ल्यावर बसनार, लोकं काय म्हनतीन?" मिस्टर "बघू" म्हणतात. बहीण म्हणते, तुझ्यात धाडसच नाही. नोकरी सोडून गाळा घेऊ, की मुलीची बारावी होईपर्यंत थांबू? आणि हे धाडस आणायचं कुठून?

ताई,

तुमच्या पत्रात "गाळा घेणं", "नोकरी सोडणं" आणि "सुरुवात करणं" हे तीन शब्दप्रयोग एकाच अर्थाने येतात. आमच्या मते तुमची खरी अडचण इथे आहे. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत आणि धोकेही. तुम्ही त्या एकत्र बांधल्या, त्यामुळे गाठोडं इतकं जड झालं की दर हिवाळ्यात उचलायला जाता आणि खाली ठेवता. बहीण त्याला धाडसाचा अभाव म्हणते. आम्ही तसं म्हणणार नाही. महिन्याचा १९ हजारांचा पगार आणि नऊ वर्षांची साठवण एकाच दिवशी पणाला लावायला जी बाई कचरते, तिचा हिशेब पक्का आहे.

तेव्हा धाडस कुठून आणायचं हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. दोन-चार लाखांच्या उडीला खूप धाडस लागतं, दोन हजारांच्या रविवारला थोडं पुरतं. आणि ते थोडं तुमच्याकडे आहे, नाहीतर पन्नास माणसांच्या भरीत पार्टीत तुम्ही चुलीपुढे उभ्याच राहिला नसता.

आधी थांबण्याबद्दल. मुलीची बारावी होऊ द्यावी, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण कॅलेंडर समोर ठेवा. भरताचा हंगाम कार्तिकी एकादशीच्या आसपास सुरू होतो, चंपाषष्ठीला उचल खातो आणि फेब्रुवारीअखेर ओसरतो. मुलगी यंदा अकरावीत आहे. पुढच्या हंगामात ती बारावीत असेल आणि बोर्डाची परीक्षा नेमकी फेब्रुवारीत, म्हणजे भर हंगामात येईल. तुम्ही पुढच्या वर्षी काही करणार नाही, हे आताच ठरल्यासारखं आहे. त्यानंतर तिचा प्रवेश, मग मुलाची दहावी. म्हणजे "थांबू" याचा अर्थ एक वर्ष नाही, निदान दोन हंगाम, आणि बहुधा चार. घरातल्या अडचणींच्या हिशेबाने पुढच्या काही वर्षांतला सगळ्यात मोकळा हिवाळा हाच आहे.

आता गाळ्याबद्दल, आणि इथे आमचं मत स्पष्ट आहे: यंदा घेऊ नका. महिना दहा हजार म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार भाडं. भरीत विकलं जाणार साधारण १२० दिवस. म्हणजे दुकान उघडलं की गिऱ्हाईक येवो न येवो, दिवसाला एक हजार रुपये आधी भाड्याचे काढायचे. त्यात एक लाख डिपॉझिट अडकून पडलेलं, आणि वैशाखात गाळा तसाच उभा. उन्हाळ्यात भरताचं वांगं लवकर जून होतं, बी धरतं, कडसर लागतं. ते भरीत विकून तुम्ही स्वतःचंच नाव घालवाल. पोटात जो गोळा येतो, तो बहुतेक याच आकड्यांमुळे. ते कागदावर मांडले नव्हते, म्हणून ते भित्रेपणासारखे वाटत होते.

मग करायचं काय? सहा रविवार. गाळा नाही, पुरी नाही, टेबल-खुर्च्या नाहीत. फक्त भरीत, फक्त आगाऊ ऑर्डरवर, घराच्या मागच्या अंगणात. कार्तिकी एकादशीनंतरच्या पहिल्या रविवारी सुरुवात. चंपाषष्ठीचा मुहूर्त पहिल्या दिवसासाठी मुद्दाम टाळा. त्या आठवड्यात वांग्याचा भाव चढतो, मागणी अंगावर येते आणि नवा माणूस गोंधळतो. पुष्कळ घरांत चातुर्मासात सोडलेलं वांगं थेट चंपाषष्ठीलाच पुन्हा चुलीवर येतं, त्यामुळे आधीचे दोन-तीन रविवार मागणी बेताची राहील. शिकायला तेवढी शांतता बरी.

पुरी का नको, तेही सांगून टाकतो. पुरीला दुसरा हात लागतो, उकळतं तेल लागतं आणि डब्यात बंद झाली की वाफेने ती चिवट होते. भरीत चांगलं असूनही गिऱ्हाइकाला लक्षात राहते ती चामट पुरी. शिवाय तळणीच्या तेलाचा वेगळाच व्याप: तेल काळपट झालं, फेस धरू लागलं की टाकून द्यावं लागतं, जुन्यात नवं ओतून चालत नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर करून देणारी एखादी बाई ओळखीची असेल तर तिसऱ्या-चौथ्या रविवारी तिच्याशी नगावर ठरवा. पुरी केंद्र निघेल तेव्हा.

पहिल्या रविवारी दहा किलो तयार भरीत, त्याहून जास्त नाही, कितीही फोन आले तरी. भाजून सोललेल्या वांग्याचा गर किलोला साधारण ५५० ते ६५० ग्रॅम पडतो. पात, शेंगदाणे, तेल, मिरची धरून एक किलो वांग्याचं पाऊण किलोच्या आसपास भरीत होतं. हा अंदाज आहे. पहिल्याच खेपेला कच्चं, भाजलेलं आणि तयार अशी तीन वजनं वहीत लिहा. तुमची वही आमच्या आकड्यापेक्षा खरी. दहा किलोला साडेतेरा किलो वांगी लागतील, पण आणा पंधरा किलो, कारण दीड किलो फेकायची निघतीलच.

ती का निघतात? शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. वांग्याला बारीक छिद्र असतं, कधी कधी देठाच्या पाकळीखाली झाकलेलं. घरच्या पार्टीत एखादं नजरेतून सुटलं तर कोणी मनावर घेत नाही. विकत घेतलेल्या डब्यात अळी निघाली तर ती गोष्ट गल्लीभर होते. म्हणून घेताना देठ उचलून बघा, आणि भाजल्यावर प्रत्येक वांगं उभं फाडून, उजेडात बघूनच बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, टाका. दहा किलोच्या घाईत हीच पायरी आधी गळते. बामणोदची असोत की आसोद्याची, चांगलं भरताचं वांगं तुम्ही हाताने ओळखता: फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, आकाराच्या मानाने हलकं, देठ ताजा. जड वांग्यात बी जास्त. भाजण्याआधी तेलाचं बोट फिरवा आणि सुरीचं एखादं टोक मारा, नाहीतर आतल्या वाफेने फुटतं आणि गर राखेत जातो.

कपाशीच्या काड्यांची चव गॅसला येत नाही, तेव्हा त्यांच्यावरच भाजा. मात्र कपाशीवर फवारण्या पुष्कळ होतात, म्हणून मागच्या हंगामाच्या, उन्हा-पावसातून गेलेल्या खडखडीत काड्या घ्या, किंवा तुरीच्या वापरा. ओल्या काड्यांचा धूर कडू असतो आणि तो कडूपणा सालीखाली उतरतो. फोडणीही चुलीवरच द्या. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर व्यवसायाला वापरायची परवानगी नसते. पुढे रोजचं काम झालं तर १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर घ्यावं लागेल. धुराबद्दल दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन सांगा, आणि पहिल्या दिवशी पाव-पाव किलो पाठवा. फुकट द्यायचं भरीत एवढंच.

कारण नात्यातल्यांना फुकट वाटण्याची सवय हीच अशा कामाची पहिली गळती असते. फुकट खाणारा तोंडभरून स्तुती करतो आणि त्या स्तुतीतून काहीच कळत नाही. जाऊबाईंनाही तोच भाव, बहिणीलाही. माहेरहून वांगी येणार असतील तर वडिलांना बाजारभावाने पैसे द्या, निदान वहीत तेवढा खर्च मांडा. नाहीतर सहाव्या रविवारी जो नफा दिसेल, तो खरं म्हणजे वडिलांच्या शेताचा असेल.

आता पहिल्या रविवारचा हिशेब. भाव धरून चाललेले आहेत; तुमच्या बाजारातले घालून पुन्हा मांडा. पंधरा किलो वांगी ४० रुपयांनी ६००. तेल ११०, शेंगदाणे ७५. कांद्याची पात, मिरची, लसूण, कोथिंबीर, खोबरं मिळून ३५०. काड्या-सरपण १५०. अर्ध्या किलोचे दहा आणि पाव किलोचे वीस डबे, आठ रुपयांनी २४०. पेट्रोल १५०. मदतीला एक बाई, चार तासांचे ३००. एकूण १,९७५. म्हणजे किलोला सुमारे १९८ रुपये. तीनशे वीस रुपये किलोने विकलं तर ३,२०० येतात, १,२२५ उरतात.

आता तुमचा वेळ. शुक्रवारचे निरोप, शनिवारचा बाजार, रविवारची सकाळ मिळून नऊ तास धरा; तासाला १३६ रुपये पडतात. रुग्णालयात २६ दिवस, आठ तास आणि १९ हजार, म्हणजे तासाला साधारण ९१. म्हणजे काम परवडतं. पण त्याच रविवारी दोन किलो भरीत उरलं तर ६४० रुपये कमी येतात, नफा ५८५ वर घसरतो आणि तासाचे ६५ रुपये होतात, नोकरीपेक्षा कमी. उरलेलं दोन किलो निम्म्याहून जास्त कमाई खाऊन टाकतं. म्हणून ऑर्डर शुक्रवार संध्याकाळपर्यंत, अर्धे पैसे आगाऊ यूपीआयवर, आणि त्यानंतर यादी बंद. "पाव किलो उरलंय का?" असा फोन आला तर "पुढच्या रविवारी" म्हणायची सवय लावा.

काही तपशील आताच नीट केलेले बरे. घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेची, नोंदणी लागते. एवढ्या लहान व्यवसायाला परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. फॉस्कॉस या त्यांच्याच संकेतस्थळावर फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा देऊन अर्ज होतो, फी वर्षाला १०० रुपये. मिळणारा १४ आकडी क्रमांक डब्याच्या चिठ्ठीवर छापा. त्याच चिठ्ठीवर वजन, तयार केल्याची वेळ, "शेंगदाणे आहेत" आणि "आजच खा" एवढं असू द्या. कच्ची पात घातलेलं ओलसर भरीत दुपारनंतर बाहेर टिकत नाही. फोडणी दिल्यापासून दोन तासांत डबा गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचला पाहिजे. त्यामुळे सहानंतर चूल पेटवा, साडेदहापर्यंत डबे भरा, साडेबारापर्यंत वाटप संपवा, आणि पहिले काही रविवार फक्त तीन-चार किलोमीटरच्या आतल्या ऑर्डर घ्या. काटा साधा स्वयंपाकघरातला नको. वजनावर विकायचं तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेला घ्या. काटा, जाळी, दोन पराती, चिठ्ठ्या, नोंदणी हे सगळं आठ हजारांत बसावं. त्यावर सात हजार तोट्यासाठी धरा. एकूण मर्यादा पंधरा हजार. ती ओलांडली की चौथा रविवार असो की पाचवा, तिथे थांबायचं. कर्ज या टप्प्यावर अजिबात नाही. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, ते पुढे जागा किंवा भांडी घ्यायची वेळ आली तर.

घरच्यांबद्दल. सासूबाईंचं वाक्य तुम्ही नकार म्हणून वाचलंय. त्यातला नेमका शब्द पुन्हा बघा: "गल्ल्यावर बसनार". त्यांचा आक्षेप सार्वजनिक जागी बसण्याला आहे, भरीत करून विकण्याला असेलच असं नाही. सहा रविवारांत गल्ला नाहीच. त्यांच्यापुढे "मला माझं स्वप्न पूर्ण करायचंय" असं म्हणत गेलात तर त्या तुमच्या स्वप्नाबद्दल बोलतील, आणि त्या वादाला अंत नाही. त्याऐवजी ठरलेली गोष्ट सांगा: सहा रविवार, सकाळी सहा ते साडेदहा मागचं अंगण, त्या दिवशी घरचा स्वयंपाक साडेअकराला, आणि त्यांच्या पूजेच्या वेळी धूर होणार नाही. त्यांना यात कुठे त्रास आहे ते विचारा, आणि जो सांगतील तो खरंच सोडवा. गल्लीतलं कोणी काही बोललं तर ते त्यांनाच आधी ऐकावं लागतं, तुम्ही त्या वेळी रुग्णालयात असता. एवढं लक्षात घेतलंत तर बोलण्याचा सूर आपोआप मऊ होईल.

मिस्टरांच्या "बघू"वर चिडू नका, पण त्याच्या भरवशावरही राहू नका. "तुमचं काय मत?" असं विचारलं की "बघू" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा "रविवारी अकरा ते साडेबारा डबे पोहोचवाल का?" असं विचारा. हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले तर वाटपाचे पैसे खर्चात धरून हिशेब पुन्हा मांडा. पण ते तुम्हाला आज कळेल, गाळ्याचं डिपॉझिट दिल्यानंतर नाही. मुलीला मात्र या कामाला जुंपू नका. तिची अकरावी आहे. फार तर ऑर्डरची यादी तिने मोबाइलवर ठेवावी.

आता नोकरी, कारण इथे घाई केली तर नुकसान फार मोठं आहे. तुम्हाला नऊ वर्षं चार महिने झाली. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा भरली की ५८व्या वर्षी मासिक पेन्शनचा हक्क मिळतो. त्याआधी सोडली तर रक्कम काढून घ्यावी लागते, किंवा योजना प्रमाणपत्र घेऊन पुढच्या एखाद्या नोकरीत ती सेवा जोडावी लागते. पुढे नोकरी करायचीच नसेल तर ते प्रमाणपत्र काय कामाचं? तुमच्याकडे आठच महिने बाकी आहेत, म्हणजे दहा वर्षं जूनच्या सुमारास भरतात. तोवर यंदाचा हंगाम संपलेला असेल आणि सहा रविवारांचे आकडे हातात असतील. पगारातून पेन्शनचा हिस्सा खरोखर जमा होतोय का, हे पीएफच्या पासबुकात याच आठवड्यात बघा. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पुरतात, ती तुमची झालेलीच आहे: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५ हजार असेल तर ते १५ हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. नऊ वर्षांचे सुमारे ७८ हजार, दहाचे साडेशहाऐंशी हजार. ही रक्कम नोकरी सोडल्यावरच हाती येते, तेव्हा ती आजच्या भांडवलात धरू नका.

नेमणूकपत्रही काढून वाचा. "दुसरा व्यवसाय करणार नाही" असं कलम असेल तर रविवारच्या कामाची लेखी परवानगी मागा. बहुतेक ठिकाणी ड्युटीच्या वेळेशी आड येत नसेल तर अडवत नाहीत, पण मागाहून कळलं की मनात किंतु राहतो. बिलिंगच्या खिडकीवर बसून ऑर्डर मात्र घेऊ नका.

आणखी एक आकडा, जो तुमच्या पत्रात होता पण तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. नोकरी सोडली तर १९ हजार भरून काढावे लागतील, असं तुम्ही धरून चालला आहात. घरखर्च ३२ हजार, मिस्टरांचे २४. खड्डा महिन्याला आठ हजारांचा आहे, वर्षाला ९६ हजारांचा. उरलेले अकरा हजार साठवणीत जात होते. ते काही काळ थांबले तर घर चालतं. पण हे ९६ हजार चार महिन्यांच्या हंगामातच काढायचे तर महिन्याला २४ हजार हवेत. रविवारच्या हिशेबाने ती दहा-दहा किलोची वीस खेपांची कमाई आहे, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस. मागणी तेवढी आहे का, ते सहा रविवार सांगतील. नसेल तर उन्हाळ्याची जोड लागेल: फाल्गुनापासून उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया, आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) खापराची पुरणपोळी. वाळवणाला भांडवल कमी आणि टिकाऊपणा जास्त, शिवाय ज्यांनी थंडीत भरीत घेतलं त्यांचे नंबर तुमच्याकडे असतीलच.

सहाव्या रविवारी विक्रीच्या एकूण रकमेपेक्षा एक गोष्ट आधी मोजा: तुम्ही न सांगता, आपणहून दुसऱ्यांदा ऑर्डर देणारी, नात्यात नसलेली घरं किती? दहाच्या वर असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत रविवारला जोडून शनिवारही घ्या, आणि जूनमध्ये नोकरीचा विचार करा. तेव्हाही वर्षभराचा गाळा नको. चार महिन्यांसाठी जागा किंवा एखाद्या मेसचं दुपारनंतर रिकामं राहणारं स्वयंपाकघर भाड्याने मिळतं का, ते आतापासून बघत राहा. पाचच्या खाली असतील तर चव, भाव की वेळेवर न पोहोचणं, यांतलं काय चुकलं ते त्या गिऱ्हाइकांना फोन करून विचारा. मधला आकडा आला, आणि तो येण्याची शक्यता मोठी आहे, तर दर हिवाळ्यात रविवारपुरतं हे काम करत राहणं हाही पूर्ण पर्याय आहे. त्याला कोणी अर्धवट स्वप्न म्हणत असेल तर म्हणू द्या.

आणि हेही होऊ शकतं की तिसऱ्याच रविवारी तुम्हाला कळेल, पाहुण्यांसाठी भरीत करण्यातला आनंद आणि पहाटे उठून पंधरा किलो वांगी फाडून तपासण्यातला कंटाळा या वेगळ्या गोष्टी आहेत. तसं वाटलं तर थांबा. पंधरा हजारांच्या आत हे कळणं महाग नाही.

तुमच्यासारखी पत्रं दुसऱ्यांचीही येतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येक कामाच्या छोट्या प्रयोगाचा वेळ वेगळा असतो. भरताला सहा रविवार पुरतात. टिश्यू कल्चर केळीची लागवड करून बघायची तर पीक हाती यायला अकरा-बारा महिने लागतात, तेव्हा प्रयोग दहा गुंठ्यांवर करावा, पण पूर्ण वर्ष द्यावं. शिवणक्लास काढायचा तर दोन महिन्यांची एक तुकडी, फी आगाऊ घेऊन. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुला-मुलींना आम्ही उलटं सांगू: तिथे सुरुवात करायला कोणी कचरत नाही, तिथे थांबण्याची तारीख आधी लिहून ठेवायची असते, आणि ती घरच्यांना सांगायची असते.

ताई, या आठवड्यात एवढंच करा. नोंदणीचा अर्ज भरा, पासबुक बघा, काट्याची चौकशी करा आणि सासूबाईंशी बोला. पुढच्या शुक्रवारी वीस ओळखीच्या नंबरांवर निरोप जाऊ द्या: तारीख, भाव, अर्धा किलो की पाव, आणि "फक्त दहा किलो करणार आहे". त्या वीसांत नातेवाईक पाचपेक्षा जास्त नसावेत. २ लाख ४० हजारांपैकी पंधरा हजार वेगळ्या खात्यात टाका आणि भरताचा सगळा व्यवहार, यूपीआयसकट, त्याच खात्यातून करा. बाकीच्या २ लाख २५ हजारांना जूनपर्यंत हात लावू नका. गाळेवाल्याला यंदा नको म्हणून आजच कळवून टाका.